नाव तेच, भट्टी वेगळी

अमेरिकेतल्या केंटकी राज्याची राजधानी फ्रँकफर्ट. तिच्या बाहेर फोर्क्स ऑफ एल्कहॉर्न या ठिकाणी १९८७ पर्यंत ‘ओल्ड ग्रँड-डॅड’ नावाची बर्बन व्हिस्की गाळली जात होती. मालक होती नॅशनल डिस्टिलर्स ही कंपनी. त्या वर्षी तिनं आपला मद्याचा सगळा धंदा अमेरिकन ब्रँड्सला, म्हणजे जिम बीमच्या मालकांना विकून टाकला. बीमच्या स्वतःच्या डिस्टिलऱ्या होत्याच, त्यामुळे फोर्क्स ऑफ एल्कहॉर्नची भट्टी थंड पडली. दुकानात मात्र काहीच बदललं नाही. नारिंगी लेबल तेच, त्यावरचा बेसिल हेडन आजोबांचा चेहरा तोच, ‘बॉटल्ड इन बाँड’ ही ग्वाहीही तीच. भट्टी बदलल्याचं ज्याला कळलं त्याला जिभेनं कळलं, आणि तेही काही वर्षांनी, कारण जुन्या भट्टीतला पिंपांत भरून ठेवलेला माल संपायला तेवढा काळ जावा लागला.

हे पुस्तक त्या फरकाबद्दल आहे. बंद पडलेल्या डिस्टिलऱ्यांच्या जुन्या बाटल्यांना अमेरिकेतले संग्राहक ‘डस्टी’ म्हणतात. दुकानाच्या मागच्या फळीवर वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या, म्हणून डस्टी. पुढच्या प्रकरणांत अशा एकेका डस्टीशेजारी आज पंधरा ते तीस डॉलरमध्ये मिळणारी साधी बाटली ठेवली आहे, आणि दोन्हींची चव घेऊन जे जाणवलं ते लिहिलं आहे. शक्य तिथे दोन्ही बाटल्या एकाच नावाच्या आहेत, आणि जिथे ते जमलं नाही तिथे निदान एकाच घराण्याच्या.

स्वस्तच बाटली का, असं कुणी विचारील. डस्टी आज लिलावात शेकडो, कधी हजारो डॉलरला जातात, म्हणून त्यांची तुलना आजच्या महागड्या, मर्यादित संख्येत काढलेल्या बाटल्यांशी करायची रीत पडली आहे. ती मला पटत नाही. या जुन्या बाटल्या त्यांच्या काळात दुर्मीळ नव्हत्या. काही वरच्या फळीवर असत, काही मधल्या, पण सगळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात हात घातला की मिळत. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत मागणी आटल्यावर तर चांगल्यातली चांगलीही कमी भावात पडून राहू लागली. संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसानं मागचापुढचा विचार न करता उघडावी अशी ती बर्बन होती. तिची खरी वारसदार शोधायची तर आजही तशाच उघडल्या जाणाऱ्या बाटल्यांत शोधायला हवी.

बर्बनची ओळख नसलेल्या वाचकासाठी थोडे नियम. बर्बन अमेरिकेत कुठेही बनू शकते, फक्त केंटकीतच बनली पाहिजे असं नाही. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. उरलेल्यात बहुधा राय आणि मॉल्ट केलेली बार्ली असते, आणि काही घराण्यांत रायऐवजी गहू. गाळताना ती १६० प्रूफच्या वर जाता कामा नये आणि पिंपात १२५ प्रूफच्या वर भरता कामा नये. प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीची दुप्पट. पिंप ओकचं, आतून जाळलेलं आणि कोरं हवं. रंग किंवा स्वाद वरून घालायची परवानगी नाही. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नसल्यानं ही पिंपं जगभर जातात. बहुतेक स्कॉटलंडला जातात, पण गोव्यातली पॉल जॉन सिंगल माल्टही बर्बनच्या अशाच रिकाम्या पिंपांत मुरते. गोव्याच्या त्या बाटलीत जो व्हॅनिलाचा वास येतो त्याचा काही भाग अमेरिकी लाकडाची देणगी आहे.

यातला सर्वांत जुना आणि ग्राहकाच्या सर्वांत कामाचा कायदा १८९७ चा, ‘बॉटल्ड इन बाँड’चा. त्या काळी व्हिस्कीच्या नावाखाली रंगवलेला स्पिरिट, तंबाखूचं पाणी असलं काहीबाही विकलं जाई. कर्नल एडमंड हेन्स टेलर आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या पुढाकारानं कायदा झाला. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात निदान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर १०० प्रूफला भरलेली व्हिस्की असेल तरच हा शिक्का मिळतो. व्हिस्की एका डिस्टिलरीत गाळून दुसरीकडे बाटलीत भरली असेल तर तेही सांगावं लागतं. या पुस्तकातल्या बहुतेक जोड्या बाँडच्या आहेत. दोन्हीकडे ताकद एक, किमान वय एक, आणि डिस्टिलरी कोणती ते लेबलवर स्पष्ट. तुलनेला इतका सपाट पाया दुसरीकडे मिळत नाही.

आता मूळ मुद्दा. बर्बनच्या जगात नावं विकली जातात आणि भट्ट्या मरतात. आंब्याच्या हंगामात जाणतं गिऱ्हाईक पेटीवर ‘देवगड हापूस’ वाचून थांबत नाही, बाग कुणाची ते विचारतं. बर्बनमध्ये हा प्रश्न आणखी निकडीचा आहे, कारण इथे नावाची मालकी हस्तांतरित होणं पूर्णपणे कायदेशीर आणि रोजचं आहे. १९९९ या एका वर्षात काय झालं पाहा. स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरीची जुनी नावं वाटली गेली. डब्ल्यू. एल. वेलर हे नाव सॅझरॅककडे, म्हणजे आजच्या बफेलो ट्रेसकडे गेलं, ओल्ड फिट्झजेराल्ड हेवन हिलकडे, आणि रेबेल येल सेंट लुईसच्या डेव्हिड शर्मन कंपनीकडे. तीन भावंडं तीन घरांत गेली, आणि ज्या घरात ती जन्मली तिथे तेव्हा सात वर्षं भट्टी पेटली नव्हती. मिक्टर्सचं तर त्याहून टोकाचं. पेनसिल्वेनियात शेफरस्टाउन इथली ती डिस्टिलरी १९९० मध्ये दिवाळं निघून बंद पडली. तिथे १९७४ साली गाळलेली बर्बन पुढे ‘ए. एच. हर्श रिझर्व्ह’ या नावानं सोळा वर्षांची होऊन बाटल्यांत भरली गेली, आणि बर्बनवर लिहिणारे चार्ल्स कावडरी यांनी त्या एका बर्बनवर अख्खं पुस्तक लिहिलं. आज लुईव्हिलमध्ये मिक्टर्स नावानं जी कंपनी आहे तिचा शेफरस्टाउनच्या भट्टीशी संबंध फक्त नावापुरता आहे, कारण बेवारस झालेलं नाव तिनं घेतलं. तिची दारू चांगली आहे, पण वेगळी आहे, एवढंच.

स्टिट्झेल-वेलरबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण डस्टींचं सगळं वेड तिथून सुरू होतं. लुईव्हिलच्या दक्षिणेला शाइव्हली इथे १९३५ च्या केंटकी डर्बीच्या, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी ही डिस्टिलरी उघडली. ज्युलियन व्हॅन विंकल, ज्यांना सगळे ‘पॅपी’ म्हणत, ते तिचे सर्वेसर्वा. त्यांनी दारावर एक पाटी लावली होती. नफा झाला तर नफ्यात, नाहीतर तोट्यात, पण बर्बन उत्तमच करू, असा तिचा मथितार्थ होता. दुसऱ्या एका पाटीवर रसायनतज्ज्ञांना मज्जाव होता. या पाट्यांचं आज स्मरणिकांवर छापून कौतुक होतं, पण मला महत्त्वाची वाटते ती पाटीमागची पद्धत. इथे रायऐवजी गहू वापरत, त्यामुळे तिखटपणा कमी आणि गोडवा जास्त. आणि पिंपात भरताना दारू कमी प्रूफला, १०७ च्या आसपास भरत. पॅपी १९६५ मध्ये वारले. १९७२ मध्ये भागधारकांनी डिस्टिलरी नॉर्टन सायमन या बड्या कंपनीला विकली. त्यानंतर मालक बदलत गेले आणि १९९२ मध्ये गाळणं थांबलं. गव्हाच्या बर्बनचं काम लुईव्हिलच्याच नव्या बर्नहाइम डिस्टिलरीकडे गेलं.

यानंतर जे घडलं ते माझ्या मते बर्बनच्या इतिहासातलं सर्वांत बोलकं प्रकरण आहे. पॅपींचे नातू ज्युलियन व्हॅन विंकल तिसरे यांनी कुणाला नको असलेली जुनी पिंपं विकत घेऊन कुटुंबाच्या नावानं बाटल्या भरायला सुरुवात केली. १९९६ मध्ये बेव्हरेज टेस्टिंग इन्स्टिट्यूटनं वीस वर्षांच्या पॅपी व्हॅन विंकलला ९९ गुण दिले. त्याआधी ही व्हिस्की विकताना नाकी नऊ येत होते आणि त्यानंतर रांगा लागल्या. २००२ पासून व्हॅन विंकलची बर्बन बफेलो ट्रेसमध्ये गाळली जाते, वेलरच्याच गव्हाच्या घराण्यातली. म्हणजे आजची पॅपी आणि आजची वेलर या सख्ख्या बहिणी आहेत, फरक वयाचा आणि निवडलेल्या पिंपांचा. हे लोकांना कळलं तसं वीस-पंचवीस डॉलरची वेलर स्पेशल रिझर्व्हही फळीवरून गायब झाली. म्हणून या पुस्तकातल्या गव्हाच्या प्रकरणात मी ओल्ड फिट्झजेराल्ड बाँडसमोर वेलरऐवजी हेवन हिलची लार्सनी ठेवली आहे. २०१२ मध्ये आलेली ती गव्हाचीच बर्बन, ९२ प्रूफ, आणि ती दुकानात खरोखर मिळते. प्रूफ जुळत नसल्यानं तिथे जुन्या बाटलीत पाणी घालून दोन्ही सारख्या केल्या आहेत.

जुन्या चांगल्या का लागतात, याची उत्तरं अनेक दिली जातात. जुन्या जंगलातला ओक, जुन्या जातीचा मका, सायप्रस लाकडाच्या टाक्या, जुनं यीस्ट. यातलं काही खरं असेलच. पण मी भर देतो तो दोन गोष्टींवर, कारण त्या बाटलीवर आणि कायद्यात दिसतात.

पहिली, पडून राहिलेला माल. शेन्ली कंपनीचे लुईस रोझेनस्टील यांनी कोरियन युद्धाच्या काळात तुटवडा होणार या हिशेबानं अफाट माल पिंपांत भरला. तुटवडा झालाच नाही. त्या काळचा कायदा असा की आठ वर्षं झाली की, माल विकला गेलेला असो वा नसो, पिंपावरचा कर भरायचा. रोझेनस्टील यांच्या खटपटीतून १९५८ मध्ये फोरँड कायदा आला आणि ही मुदत वीस वर्षांची झाली. व्हिस्की आता निर्धास्त म्हातारी होऊ शकत होती. नेमकी त्यानंतर मागणी घसरली. नव्या पिढीला बापाची दारू नको होती. १९७२ पासून ‘लाइट व्हिस्की’ नावाचा फिका प्रकार काढून पाहिला, तोही चालला नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत व्होडकाच्या विक्रीनं व्हिस्कीला मागे टाकलं. गोदामं भरलेली आणि गिऱ्हाईक नाही, अशी अवस्था झाली. लेबलवर लिहिलेलं वय किमान असतं, त्याहून जुना माल आत घातला तर कायदा अडवत नाही. त्यामुळे त्या वर्षांत साध्या बाटलीत लेबलपेक्षा जुनी बर्बन जात राहिली. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या डस्टीत जी खोली लागते तिचा मोठा वाटा या न विकल्या गेलेल्या मालाचा आहे.

दुसरी गोष्ट पिंपात भरतानाच्या प्रूफची. १९६२ पर्यंत कमाल मर्यादा ११० होती. त्या वर्षी ती १२५ झाली. जास्त प्रूफला भरलं तर तेवढीच दारू कमी पिंपांत बसते आणि नंतर पाणी घालून वाढवता येते, म्हणजे पिंपांचा, गोदामांचा खर्च वाचतो. पण लाकडातली साखर पाण्यात जास्त विरघळते, आणि बाटलीत भरताना जितकं पाणी ओतावं लागतं तितकी मुरलेली चव पातळ होते. १०७ ला भरून १०० ला बाटलीत आलेली बर्बन जवळजवळ पिंपातलीच असते. वाइल्ड टर्की हे यातलं अजून चालू असलेलं उदाहरण. तिथे २००४ पर्यंत १०७ ला भरत, मग ११०, आणि २००६ पासून ११५. आजही ती १२५ च्या खालीच आहे, आणि वाइल्ड टर्की १०१ पंचवीस डॉलरच्या आसपास इतकी भरघोस का लागते याचं एक कारण तिथे सापडतं. १९५४ पासून त्या एकाच डिस्टिलरीत काम करणारे जिमी रसेल हे दुसरं.

जुनी बाटली हातात आली की काय पाहायचं ते एकदा नीट सांगतो, कारण सगळी तुलना यावर उभी आहे. हे लिहिताना समोर ओल्ड फिट्झजेराल्ड बाँडची एक बाटली आहे. बुचावरून दोन्ही बाजूंना उतरलेली हिरवी कागदी पट्टी. हिरवी म्हणजे बाँडची. साध्या व्हिस्कीला तांबडी लावत. पट्टीवर बारीक अक्षरांत गाळल्याचा हंगाम आणि वर्ष, बाटलीत भरल्याचा हंगाम आणि वर्ष: १९६४ चा शरद, १९७० चा शरद. म्हणजे सहा वर्षांची. मापाच्या जागी ४/५ क्वार्ट लिहिलेलं, कारण ७५० मिलिलिटर १९८० पासून सक्तीचं झालं. बाटलीच्या काचेवर पुनर्वापराला मनाई करणारी उठावदार ओळ नाही. ती १९३५ ते १९६४ दरम्यानच्या बाटल्यांवर असते, त्यामुळे तारखेशी हे जुळतं. बारकोड नाही. गरोदर स्त्रियांसाठीची आरोग्याची सूचनाही नाही, कारण ती १९८९ च्या नोव्हेंबरपासून आली. तळाशी काच कारखान्याच्या खुणेजवळ दोन आकडी वर्ष. आणि लेबलवर डिस्टिलरीचा क्रमांक १६, म्हणजे स्टिट्झेल-वेलर. हाच क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. ३१ दिसला तर बार्ड्सटाउनची जुनी हेवन हिल, १ दिसला तर बर्नहाइम, ११३ म्हणजे बफेलो ट्रेस. कागदी पट्टी १९८५ मध्ये बंद झाली. पट्टी फाटलेली, बुचाला पुन्हा लावलेली किंवा दारू खांद्याच्या खूप खाली गेलेली असेल तर बाटली परत ठेवावी. रिकाम्या जुन्या बाटल्या स्वस्त दारूनं भरून विकणारे आहेत.

जुनं म्हणजे सोनं, असं मात्र या पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. बाटलीत व्हिस्की मुरत नाही. बूच नीट नसेल तर ती फक्त बिघडते. कित्येक डस्टींना ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. सिरॅमिकच्या सुरया तर आणखी जोखमीच्या, कारण त्यांच्या लेपातलं शिसं दारूत उतरू शकतं. १९६९ मध्ये ओल्ड क्रोनं बुद्धिबळाच्या सोंगट्यांच्या आकारात सुरया काढल्या होत्या. दहा वर्षांची ओल्ड क्रो त्यांत होती आणि तिची ख्याती मोठी आहे, तरी तपासणी केल्याशिवाय मी ती कुणाला पाजणार नाही. ओल्ड क्रोची कथाही शिकण्यासारखी आहे. स्कॉटलंडहून आलेल्या डॉ. जेम्स क्रो यांनी १८३० च्या दशकात आंबवणाच्या प्रक्रियेला शास्त्रीय शिस्त लावली. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्या नावाची बर्बन देशात सर्वांत जास्त खपत होती. पुढे उत्पादन वाढवण्याच्या नादात तिची चव घसरली आणि मालकांनी ती सावरली नाही. आजची ओल्ड क्रो बीममध्ये बनते, तीन वर्षांची, ८० प्रूफ. या जोडीत जुनीचा विजय इतका एकतर्फी आहे की ते प्रकरण लहान ठेवलं आहे.

आजच्या स्वस्त बाटल्यांकडे वळलं की एक गोष्ट खटकते आणि ती बोलून दाखवली पाहिजे. ग्राहक किमतीला गुण समजतो, आणि कंपन्या त्यावर चालतात. ओल्ड ग्रँड-डॅडच्याच मिश्रणाची, रायचं प्रमाण जास्त असलेली बर्बन बीमनं १९९२ मध्ये ‘बेसिल हेडन’ या नावानं काढली. ८० प्रूफला उतरवलेली, सुबक बाटलीत आणि जास्त भावात. त्याच मिश्रणाची १०० प्रूफची बाँड तिच्या निम्म्याच्या आसपास किमतीत खालच्या फळीवर उभी असते. ओल्ड ग्रँड-डॅडचं साधं लेबलही २०१३ मध्ये ८६ वरून ८० प्रूफवर आणलं गेलं. व्हेरी ओल्ड बार्टनच्या बाटलीच्या गळ्यावर ‘सहा वर्षं’ असं असायचं. त्यातली वर्षं गेली आणि सहाचा आकडा तेवढा राहिला. हेवन हिलची सहा वर्षांची पांढऱ्या लेबलची बाँड केंटकीत अगदी थोड्या पैशांत मिळायची. ती बंद करून २०१९ मध्ये सात वर्षांची म्हणून चाळीस डॉलरच्या घरात परत आणली. एक वर्ष वाढलं आणि किंमत दुपटीच्या पलीकडे गेली. यात बेकायदेशीर काही नाही. पण स्वस्त आणि चांगलं यांची जोडी मोडली जाते तेव्हा नुकसान ज्याचं होतं तो तक्रार करत नाही, तो फक्त दुसरी बाटली उचलतो, आणि त्याची नोंद कुणी घेत नाही. ती इथे घेतली आहे.

तुलनेची रीत साधी आहे. चव घेणाऱ्याला कोणत्या पेल्यात काय आहे ते माहीत नसतं. पेले सारखे, माप अर्ध्या औंसाचं, आणि ओतल्यावर निदान पंधरा मिनिटं थांबणं. जुनी बाटली उघडल्यावर पहिल्या वासात बंदिस्तपणा असतो, तो उडून जाऊ द्यावा लागतो. ओल्ड ग्रँड-डॅडच्या जोडीत काय झालं ते नमुन्यादाखल सांगतो. दोन्ही बाँड, दोन्ही १०० प्रूफ. नॅशनल डिस्टिलर्सच्या काळातलीचा रंग किंचित गडद. नाकाला आधी लोण्यात परतलेली साखर, मग खारीक, मग जुन्या कपाटाचं लाकूड. जिभेवर ती जड आहे, तेलकट म्हणावी इतकी, आणि गिळल्यावरही बराच वेळ टिकते. रायचा तिखटपणा शेवटी, हळूच येतो. आजची बीमची आधी तिखट लागते. दालचिनी, संत्र्याची साल, आणि मध्ये बीमच्या घरचा तो ओळखीचा भाजल्या शेंगदाण्याचा वास. ती जिभेवर हलकी आहे, लवकर उतरते. जुनी अधिक श्रीमंत, यात शंका नाही. पण आंधळ्या चवीत एका ठिकाणी नवीच सरस ठरली: सोबत पाणी किंवा बर्फ घातल्यावर. जुनीचा गोडवा बर्फात मिटतो, नवीचा तिखटपणा तग धरतो. पंचवीस डॉलरच्या बाटलीबद्दल हे छोटं विधान नाही.

हेवन हिलची जोडी आणखी चुरशीची झाली. ७ नोव्हेंबर १९९६ ला बार्ड्सटाउनमध्ये लागलेल्या आगीत हेवन हिलची डिस्टिलरी आणि सात गोदामं जळाली, नव्वद हजारांवर पिंपं गेली. १९९९ मध्ये बर्नहाइम विकत घेईपर्यंत कंपनीसाठी जिम बीम आणि ब्राउन-फोरमन यांनी दारू गाळून दिली. स्पर्धकांनी केलेली ही मदत केंटकीत अजून आदरानं सांगितली जाते. त्यामुळे त्या नावाच्या बाटल्यांत तीन काळ आहेत: आगीआधीचा, उसनवारीचा आणि बर्नहाइमचा. हेवन हिलचीच आजची एव्हन विल्यम्स पांढऱ्या लेबलची बाँड बर्नहाइमची आहे, पंधरा-अठरा डॉलरची, आणि आगीआधीच्या बाँडसमोर ती जितकी ताठ उभी राहिली तितकी दुसरी कुठलीच राहिली नाही.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल का? अमेरिकेतल्या मराठी घरांत पाहुणे आले की निघणारी बाटली बहुधा स्कॉचची असते. राहतो तिथली दारू मात्र मागेच राहते. महाराष्ट्रात बर्बन आजवर अव्वाच्या सव्वा किमतीला मिळायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतानं तिच्यावरचं आयातशुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं, तेव्हा मुंबई-पुण्याच्या दुकानांत तिची नावं थोडी अधिक दिसू लागतील. आपल्याकडची बहुतेक देशी ‘व्हिस्की’ उसाच्या मळीपासूनच्या स्पिरिटवर उभी असते. धान्य आणि कोरं लाकूड यांतून चव कशी तयार होते हे समजून घ्यायला बर्बनइतकं सरळ उदाहरण नाही, कारण तिच्यात लपवायला दुसरं काही घालताच येत नाही. मात्र इथे विकत घेताना आधी प्रूफ वाचा. नाव मोठं असलं तरी आपल्याकडे येणारी बाटली कमी ताकदीची असू शकते.

डस्टी विकत घ्यायची असेल तर केंटकीत २०१८ पासून परवानाधारक दुकानांना आणि बारना खासगी लोकांकडून जुन्या बाटल्या विकत घेऊन विकता येतात. लुईव्हिल, लेक्सिंग्टन, कव्हिंग्टन इथे काही बारमध्ये औंसाच्या मापात त्या चाखता येतात. पूर्ण बाटलीवर पैसे घालण्याआधी तसं चाखणं शहाणपणाचं. परवान्याशिवाय एका माणसानं दुसऱ्याला विकणं तिथे आजही बेकायदेशीर आहे.

आणि जे जुन्या बाटल्यांच्या मागे न लागता फक्त आज काय घ्यावं हे पाहायला आले असतील, त्यांच्यासाठी एक बातमी. केंटकीत २०२४ च्या सुरुवातीला गोदामांतल्या बर्बनच्या पिंपांची संख्या एक कोटी चाळीस लाखांवर गेली होती. राज्याची लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी तीन पिंपं. मागणी त्या वेगानं वाढलेली नाही. २०२५ मध्ये ब्राउन-फोरमननं लुईव्हिलमधला स्वतःचा पिंपांचा कारखाना बंद केला, आणि काही नव्या डिस्टिलऱ्या कर्जात बुडाल्या. तिथल्या कामगारांसाठी हे दिवस कठीण आहेत. पण पिंपांतला माल म्हातारा होतोच आहे, आणि तो कुठेतरी भरावाच लागणार. येत्या काही वर्षांत खालच्या फळीवरच्या बाँड बाटल्यांची लेबलं बारकाईनं वाचत राहा: वय परत छापलं जातं आहे का, डिस्टिलरीचा क्रमांक कोणता, प्रूफ तेच आहे का. घाई असेल त्यांनी थेट हेवन हिलच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. त्यातली नवी बाटली सर्वांत सहज मिळते, आणि ती शेजारी ठेवून वाचलं तर माझ्या नोंदी पडताळून पाहता येतील.